ओतकामाचे साचे संगणकावर आखताना: खान्देशातील कारखानदार व विद्यार्थ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि भुसावळ परिसरात जिनिंग यंत्रांचे भाग, डाळमिलच्या पुल्या, बेअरिंग हाउसिंग, शेतीपंपांची आवरणे अशा ओतीव भागांची गरज सतत पडते. या भागांची रेखाचित्रे आता बहुतेक ठिकाणी संगणकावरच तयार होतात. मात्र रेखाचित्र ओतशाळेत पोहोचल्यावर पॅटर्न मेकर आणि डिझाइनर यांच्यात जे खटके उडतात, त्यांचे मूळ बहुधा सॉफ्टवेअरमध्ये नसून ओतकामाच्या काही साध्या गोष्टी मॉडेलमध्ये न उतरण्यात असते. पुढील उत्तरे मुख्यतः वाळूच्या साच्यातील ओतकामासाठी, त्यातही राखाडी बीड (ग्रे कास्ट आयर्न) आणि अॅल्युमिनियम यांच्यासाठी आहेत.

भागाचे थ्रीडी मॉडेल तयार आहे. तेच साच्यासाठी का चालत नाही?

कारण आपण काढलेले मॉडेल लेथ, ड्रिल आणि ग्राइंडिंग यांतून बाहेर पडलेल्या, पूर्ण झालेल्या भागाचे असते. ओतशाळेला त्याशिवाय आणखी दोन वस्तू लागतात. एक म्हणजे साचा फोडल्यावर हाती येणारे कच्चे कास्टिंग, ज्यावर मशीनिंगसाठी जादा धातू असतो आणि ज्यात लहान भोके मुळीच नसतात. दुसरी म्हणजे वाळूत ठसा उमटवणारा पॅटर्न, जो कास्टिंगपेक्षा किंचित मोठा असतो, ज्याला उतार असतो आणि ज्यावर कोअर, म्हणजे आतली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा, टेकवण्याची जागा करणारे कोअर प्रिंट असतात. पूर्ण भाग, कच्चे कास्टिंग आणि पॅटर्न अशी तीन स्वतंत्र मॉडेल एकमेकांना जोडून ठेवावीत, म्हणजे मूळ भागात बदल केला की पुढच्या दोन्हींत तो आपोआप उतरतो. एकाच फाइलमध्ये सगळे कोंबले, तर सहा महिन्यांनी ग्राहकाने फ्लँजची जाडी बदलून मागितल्यावर कोणता आकार कशासाठी वाढवला होता, हे आपले आपल्यालाच उमगत नाही.

इंजेक्शन मोल्डचे डिझाइन येते. ओतकामाचा साचा त्याहून किती वेगळा?

जळगावात ‘मोल्ड’ म्हटले की ठिबक सिंचनाच्या फिटिंग्ज आणि पाइप जोडण्यांमुळे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे प्लास्टिकचा पोलादी मोल्डच येतो, त्यामुळे हा प्रश्न रास्त आहे. पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग जेथे मिळतात ती रेषा), ड्राफ्ट (उभ्या बाजूंना दिलेला उतार), अंडरकट (सरळ ओढताना अडकणारा आकार) या कल्पना दोन्हीकडे सारख्याच असल्यामुळे सॉफ्टवेअरमधील मोल्डची साधने दोन्हीकडे उपयोगी पडतात. मूलभूत फरक असा की प्लास्टिकचा मोल्ड कायम राहतो आणि भाग त्यातून ढकलून बाहेर काढला जातो, तर वाळूचा साचा प्रत्येक ओतणीला मोडतो आणि त्यातून आधी पॅटर्न उचलून घ्यावा लागतो. म्हणून इंजेक्शन मोल्डमध्ये पोकळी कोरली जाते आणि येथे पोकळीच्या उलट, म्हणजे उठावाचा, पॅटर्न बनवला जातो. केवळ कोअर घडवण्याची कोअर पेटी पोकळ असते.

पार्टिंग लाइन कोठे घ्यावी? सॉफ्टवेअर ती आपोआप सुचवते ना?

सुचवते, परंतु ती केवळ भूमितीवरून. एखाद्या दिशेने पाहिल्यावर भागाची सर्वांत बाहेरची कड कोणती, एवढेच सॉफ्टवेअरला कळते. कोणता पृष्ठभाग निर्दोष हवा, कोअर कसा बसवणार, मोल्डर, म्हणजे साचा भरणारा कारागीर, वाळूची पेटी कशी उलटवणार, हे त्याला ठाऊक नसते. निर्णय घेताना पहिला विचार हा करावा की महत्त्वाचा मशीन केलेला पृष्ठभाग खालच्या पेटीत, म्हणजे ड्रॅगमध्ये, खाली तोंड करून राहील. मळी, वायू आणि सुटी वाळू वर तरंगते आणि वरच्या पेटीकडील तोंडाला चिकटते. दुसरा विचार म्हणजे पार्टिंग शक्यतो एकाच सपाट पातळीवर असावी. वाकडी पार्टिंग पडद्यावर सुंदर दिसते, पण ती हाताने वाळू भरणाऱ्या माणसाचा वेळ खाते आणि पेट्या जुळताना सरकल्या तर दोष कोठे आहे ते शोधणे अवघड होते. जेथे एकमेकांशी नेमके नाते असलेली दोन मापे आहेत, ती दोन्ही शक्य तेथे एकाच पेटीत ठेवावीत.

माझा अनुभव असा की पार्टिंगचा निर्णय कागदावर, पॅटर्न मेकरशेजारी बसून दहा मिनिटांत होतो. तो संगणकावर एकट्याने घेतला की तीन वेळा बदलावा लागतो.

मशीनिंग अलाउन्स, ड्राफ्ट आणि संकोच हे कोणत्या क्रमाने द्यावेत?

याच क्रमाने. आधी मशीनिंगसाठीचा जादा धातू, मग उतार, मग संपूर्ण आकार संकोचाच्या, म्हणजे थंड होताना धातू जेवढा आकसतो त्याच्या, प्रमाणात मोठा करणे. एक उदाहरण पाहू. राखाडी बिडाच्या एका आवरणाचा पूर्ण झालेला बाहेरील व्यास ३०० मिमी आणि आतील बोअर ६० मिमी आहे, आणि दोन्ही ठिकाणी प्रत्येक बाजूस ३ मिमी टर्निंगसाठी सोडायचे आहेत. मग कास्टिंगचा बाहेरील व्यास ३०६ मिमी होतो, आणि बोअर ५४ मिमी होतो. बोअरच्या बाबतीत धातू आतल्या बाजूस वाढतो, म्हणून भोक लहान होते. नवशिक्याच्या हातून घाईत बोअरही ६६ केला जातो आणि मग लेथवर कापायला काहीच उरत नाही. त्यानंतर राखाडी बिडाचा संकोच साधारण १ टक्का धरून सर्व मापांना १.०१ ने गुणावे. पॅटर्नचा व्यास ३०९.०६ मिमी येतो आणि बोअर घडवणारा कोअर ५४.५४ मिमी येतो.

संकोचाची वाढ शेवटी देण्यामागे कारण आहे. सर्व दिशांनी सारख्या प्रमाणात मोठे केल्याने उताराचे अंश बदलत नाहीत, त्यामुळे ड्राफ्टची तपासणी पुन्हा करावी लागत नाही. मात्र कोअर प्रिंट आणि कोअर यांच्यात जी बारीक फट ठेवायची, ती या वाढीनंतर द्यावी. ती फट थंड वाळूत राहणार आहे आणि धातूच्या आकुंचनाशी तिचा संबंध नाही.

इतर धातूंसाठी संकोच साधारणपणे असा धरतात: अॅल्युमिनियम १.३ टक्के, पितळ १.५ टक्के, पोलाद २ टक्के. हे आकडे प्रारंभिक समजावेत. आतला कोअर घट्ट असेल किंवा भाग फास्यांनी जखडलेला असेल, तर धातूला पूर्ण आकसता येत नाही आणि प्रत्यक्ष संकोच यापेक्षा कमी भरतो. म्हणून पहिले कास्टिंग थंड झाल्यावर लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही दिशांनी मोजून ते आकडे त्या पॅटर्नच्या नावे नोंदवावेत.

लाकडी मास्टरवरून अॅल्युमिनियमचा पॅटर्न ओतायचा असेल तर?

संकोच दोनदा द्यावा लागतो, कारण मास्टरवरून ओतलेला अॅल्युमिनियमचा पॅटर्न एकदा आकसतो आणि त्यावरून ओतलेले बीड दुसऱ्यांदा. अॅल्युमिनियमचा १.३ आणि बिडाचा १ टक्का मिळून सुमारे २.३ टक्के होतात. पॅटर्न सीएनसीवर थेट अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कापणार असाल, तर बिडाचा एकच संकोच पुरे.

ड्राफ्ट किती द्यावा?

हाताने भरलेल्या ओल्या वाळूसाठी बाहेरील उभ्या बाजूंना १ ते २ अंश आणि खोल खळग्यांच्या आतील बाजूंना त्याहून जास्त, अशी सुरुवात करावी. किमतीकडेही लक्ष असू द्यावे. १०० मिमी उंचीला १ अंश उतार म्हणजे एका बाजूस सुमारे १.७५ मिमी जादा धातू, आणि २ अंश म्हणजे ३.५ मिमी. उतार वाढवला की वजन वाढते, कमी ठेवला की पॅटर्न उचलताना कड ढासळते आणि मोल्डर पॅटर्नला हातोडीने जास्त हलवून सैल करतो, म्हणजे मापे तशीही वाढतातच. सॉफ्टवेअरमधील ड्राफ्ट विश्लेषण एका रंगात सुटणाऱ्या आणि दुसऱ्या रंगात अडकणाऱ्या बाजू दाखवते. ते न पाहता फाइल पुढे पाठवू नये.

कोअर प्रिंटचे आकार कसे ठरवावेत? कोअर तर जागच्या जागी बसतोच.

बसतो, आणि धातू आत शिरला की उचललाही जातो. वाळूचा कोअर वितळलेल्या बिडाच्या तुलनेत फार हलका असतो. द्रव बिडाची घनता सुमारे ७ ग्रॅम प्रति घनसेंमी आणि कोअरची सुमारे १.६ धरली, तर धातूत पूर्ण बुडालेल्या १००० घनसेंमीच्या कोअरवर वरच्या दिशेने सुमारे ५.४ किलो जोर लागतो. कोअरचे घनफळ मॉडेलमधून एका क्लिकवर मिळते, त्यामुळे हा हिशेब न करण्याला सबब नाही. आडव्या कोअरला दोन्ही टोकांना प्रिंट द्यावेत. एकाच टोकावर तरंगता कोअर ठेवायचाच असेल, तर त्याचा प्रिंट इतका लांब करावा की कोअरचा तोल प्रिंटवरच राहील. जो कोअर उलटा बसण्याची शक्यता आहे, त्याच्या प्रिंटला एका बाजूस चपटी कड द्यावी, म्हणजे चुकून उलटा ठेवताच येणार नाही. कोअरमधील वायू बाहेर जाण्याची वाट प्रिंटमधूनच जाते, हेही ध्यानात ठेवावे.

हाच जोर वरच्या पेटीवरही लागतो. ४०० × ३०० मिमीची थाळी असेल आणि धातूची पातळी तिच्यापासून १५० मिमी वर असेल, तर १२०० चौसेंमी × १५ सेंमी × ७ ग्रॅम असे धरून वरच्या पेटीला उचलणारा भार १२६ किलो होतो. पेटीवर दोन विटा ठेवून भागत नाही, ते यामुळे.

कोपऱ्यांना जेवढी मोठी गोलाई, तेवढे बरे, हे खरे का?

हे अर्धेच खरे आहे, आणि या अर्ध्या सत्यामुळे बरीच कास्टिंग भंगारात जातात. तीक्ष्ण आतल्या कोपऱ्यात वाळू तुटते आणि धातूत ताण साचतो, म्हणून फिलेट, म्हणजे आतल्या कोपऱ्याची गोलाई, हवीच. पण फिलेट म्हणजे त्या ठिकाणी जादा धातूही आहे. २० मिमी जाडीच्या दोन भिंती इंग्रजी ‘टी’ अक्षरासारख्या मिळतात असे समजा. त्या सांध्यात मावणारे सर्वांत मोठे वर्तुळ काढले, तर फिलेट नसताना त्याचा व्यास २५ मिमी येतो, ५ मिमीची फिलेट दिल्यावर २७.५ मिमी येतो, आणि १० मिमीची दिल्यावर ३० मिमी. गोठण्याचा काळ जाडीच्या वर्गाशी निगडित असल्यामुळे ३० मिमीचा सांधा शेजारच्या २० मिमीच्या भिंतीच्या तुलनेत ढोबळमानाने सव्वादोन पट वेळ द्रव राहतो. भिंती आधी गोठतात, सांध्याला धातू पुरवणारी वाट बंद होते, आणि आत पोकळी राहते. ती बाहेरून दिसत नाही. लेथवर शेवटचा पास घेताना ती उघडते.

हे वर्तुळ कोणत्याही सॉफ्टवेअरच्या छेदचित्रात दोन मिनिटांत काढता येते. माझ्या मते महागड्या विश्लेषणाआधी प्रत्येक डिझाइनरने ही सवय लावावी. वर्तुळ फार मोठे आले तर फासळी पातळ करावी, समोरासमोर येणाऱ्या दोन फासळ्या एकमेकींपासून सरकवून क्रॉसचे दोन टी करावेत, किंवा बॉसच्या, म्हणजे भोकासाठी ठेवलेल्या जाड उंचवट्याच्या, मध्यात कोअरने भोक पाडून आतला धातू काढून टाकावा.

राइजर किती मोठा हवा?

राइजर म्हणजे कास्टिंगला जोडलेला जादा धातूचा साठा. त्याचे काम एकच: कास्टिंग गोठेपर्यंत स्वतः द्रव राहणे आणि आकसणारा धातू भरून देणे. निकोलस ख्वोरिनोव्ह यांनी १९४० मध्ये मांडलेल्या नियमानुसार गोठण्याचा काळ घनफळ भागिले पृष्ठफळ या गुणोत्तराच्या वर्गावर अवलंबून असतो. या गुणोत्तराला मॉड्युलस म्हणतात, आणि घनफळ व पृष्ठफळ दोन्ही मॉडेलमधून तयार मिळतात. सपाट थाळीचा मॉड्युलस तिच्या जाडीच्या निम्मा असतो, म्हणजे २० मिमीच्या थाळीचा १० मिमी. राइजरचा मॉड्युलस त्याच्या १.२ पट, म्हणजे १२ मिमी धरतात. व्यासाइतकीच उंची असलेल्या गोल राइजरचा मॉड्युलस व्यासाच्या एक षष्ठांश असतो, म्हणून व्यास ७२ मिमी येतो. हा हिशेब पोलाद आणि अॅल्युमिनियम यांना चांगला लागू पडतो. शुद्ध अॅल्युमिनियम गोठताना सुमारे ६.५ टक्के आकसते, त्यामुळे तेथे राइजर काटकसरीने देणे महागात पडते. राखाडी बिडात गोठताना ग्रॅफाइट फुगून बरीच भरपाई करते. तेथे साचा कडक भरला असेल, तर पुष्कळदा लहान राइजर पुरतो किंवा तो लागतच नाही.

रनर आणि गेट मॉडेलमध्ये काढावेत की मोल्डरवर सोडावेत?

रनर आणि गेट म्हणजे साच्यात धातू नेणाऱ्या वाटा. मॅचप्लेट, म्हणजे दोन्ही बाजूंना पॅटर्न बसवलेली प्लेट, असेल तर काढावेतच, कारण ते प्लेटवरच बसणार आहेत. सुट्या पॅटर्नवर जुने मोल्डर गेट हाताने कापतात आणि ते चांगलेही असतात, पण दुसऱ्या पाळीतला माणूस तसेच कापेल याची शाश्वती नसते. अॅल्युमिनियमच्या बाबतीत गेटमधून आत शिरणाऱ्या धातूचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आत ठेवावा, अन्यथा पृष्ठभागावरील ऑक्साइडचा पापुद्रा घडी होऊन धातूत मिसळतो.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

सुरुवातीला जे फुकट आणि कायदेशीर आहे ते. फ्रीकॅडमध्ये भाग, उतार, फिलेट, प्रमाणात वाढ आणि दोन आकारांची वजाबाकी एवढे सर्व होते, आणि साध्या पॅटर्नला याहून जास्त लागत नाही. सॉलिडवर्क्ससारख्या सशुल्क सॉफ्टवेअरमध्ये पार्टिंग लाइन, पार्टिंग पृष्ठभाग आणि साच्याचे दोन भाग करणे यांसाठी तयार साधने असतात, त्यामुळे गुंतागुंतीच्या कामात वेळ वाचतो. ऑटोकॅड १९८२ पासून आहे आणि आपल्याकडील अनेक कार्यशाळांत अजूनही केवळ द्विमितीय रेखाचित्रे त्यात निघतात. त्यावरून पॅटर्न बनवता येतो, फक्त घनफळ, मॉड्युलस आणि ड्राफ्ट यांचे हिशेब हाताने करावे लागतात.

गोठण्याचे सिम्युलेशन लहान कारखान्याला परवडते का?

महिन्याला शेकडो नग जाणारा भाग असेल तर परवडते, पाच नगांच्या दुरुस्ती कामाला नाही. आयआयटी मुंबईने ई-फाउंड्री या नावाने ओतकामाचे शिक्षण आणि ऑनलाइन सिम्युलेशन खुले केले, ते विद्यार्थ्यांनी जरूर पाहावे. सिम्युलेशनला आपण जे तापमान आणि वाळूचे गुण सांगतो त्यावरच ते उत्तर देते. ओलावा ४ टक्के सांगितला आणि मे महिन्यात वाळू दुपारपर्यंत सुकून गेली, तर पडद्यावरचे चित्र आणि साच्यातील वास्तव वेगळेच राहणार.

थ्रीडी प्रिंटरवर छापलेला पॅटर्न चालतो का?

कमी नगांसाठी उत्तम चालतो. परंतु पीएलए हे नेहमीचे प्लास्टिक सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते. जळगाव आणि भुसावळ येथे मे महिन्यात सावलीतले तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते, आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत ते सहज ६० च्या पुढे जाते. मी स्वतः एक पंपाच्या झाकणाचा पॅटर्न दुपारी गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवून जेवायला गेलो होतो. परत आलो तेव्हा त्याची सपाट बाजू पापडासारखी वळली होती. तेव्हापासून उन्हाळ्यात एबीएस प्लास्टिक वापरतो किंवा पॅटर्न सपाट लाकडी फळीवर स्क्रूने आवळून ठेवतो. छपाईच्या थरांच्या रेषांत वाळू धरते, म्हणून पुट्टी भरून, घासून, रंगाचे दोन हात द्यावेत. थर पॅटर्न उचलण्याच्या दिशेला आडवे येतात, म्हणून उभ्या बाजू विशेष काळजीने घासाव्यात.

शेतातल्या पंपाचा तुटलेला भागच पॅटर्न म्हणून वापरला तर संगणकाची गरजच काय?

तापीकाठच्या केळीच्या पट्ट्यात पाणी थांबले की घाई असते, आणि ही युक्ती वर्षानुवर्षे चालत आली आहे. तसे केल्यास नवे कास्टिंग जुन्यापेक्षा सुमारे १ टक्का लहान येते, शिवाय जुन्या भागाची झीजही त्यात उतरते. २०० मिमीच्या भागात हा फरक २ मिमी होतो, आणि मशीनिंगला धातूच उरत नाही. पुली किंवा झाकण असेल तर निभावते, इंपेलर (पंपातील पाणी फेकणारे फिरते चाक) असेल तर नाही. जुना भाग मोजून मॉडेल करताना झिजलेली मापे जशीच्या तशी घेऊ नयेत. ज्या भागाशी तो जुळतो त्याचे माप, शाफ्टचा प्रमाणित व्यास आणि बेअरिंगचा क्रमांक यांवरून मूळ माप ठरवावे.

कास्टिंगचे वजन मॉडेलवरून आधीच कळेल का?

कळते, आणि ओतकामाचा भाव किलोवर ठरत असल्यामुळे ते कळलेच पाहिजे. राखाडी बिडाची घनता ७.२ धरल्यास २५०० घनसेंमीचे कास्टिंग १८ किलो भरते. हे घनफळ कच्च्या कास्टिंगच्या मॉडेलवरून घ्यावे, संकोच दिलेल्या पॅटर्नवरून घेऊ नये. लांबीत १ टक्का वाढ म्हणजे घनफळात ३ टक्क्यांहून थोडी जास्त वाढ, आणि कोअर प्रिंटचे घनफळ वेगळेच. भट्टीत किती धातू लागेल हे काढताना मात्र रनर, गेट आणि राइजर यांचे वजन मिळवावे.

पॅटर्न कोल्हापूर किंवा राजकोटच्या ओतशाळेला करायला द्यायचा आहे. कोणत्या फाइल पाठवाव्यात?

घन आकारासाठी स्टेप फाइल, प्रिंटरसाठी एसटीएल, आणि त्यांच्यासोबत पीडीएफ रेखाचित्र. रेखाचित्रावर धातूची श्रेणी लिहावी, उदाहरणार्थ एफजी २००, म्हणजे किमान २०० मेगापास्कल ताणशक्तीचे राखाडी बीड. कोणत्या पृष्ठभागांवर मशीनिंग होणार, पार्टिंग कोठे आहे, आणि मॉडेलमध्ये संकोच दिलेला आहे की नाही, हे ठळक अक्षरांत लिहावे. शेवटचे वाक्य विसरले, तर पॅटर्न मेकर सवयीने आपला १ टक्का वर चढवतो, संकोच दोनदा दिला जातो आणि भाग सुमारे १ टक्का मोठा येतो. एसटीएल फाइलमध्ये मापाचे एकक नोंदलेले नसते, त्यामुळे मिलिमीटरचा आकार इंच समजून उघडला तर तो २५.४ पट मोठा होतो. एवढी मोठी चूक लगेच दिसते. आरशातील प्रतिमेसारखा उलटा, म्हणजे डाव्याऐवजी उजवा भाग मात्र पॅटर्न, कास्टिंग आणि लेथ यांतून सुखरूप पार होतो आणि जोडणीच्या दिवशीच उघडकीस येतो, म्हणून रेखाचित्रावर एक तिरपे दृश्य आणि शाफ्टच्या फिरण्याची दिशा दाखवणारा बाण जरूर असावा.